अनुभव धागा : पदव्युत्तर शिक्षण चालू असताना घरातलं माणूस गेलं तेव्हा

गेल्या महिन्यात आमच्या विभागातली एक मुलगी वडिलांचं बारावं आटोपून सोमवारी वर्गात आली. शेवटच्या बाकावर बसली, वही काढली, तास संपला तशी निघून गेली. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी विचारलं नाही. त्या दिवशी सरांच्या जागी तास घ्यायला मीच गेले होते. मीही हजेरी घेतली आणि शिकवून बाहेर पडले. खरं तर मला कळायला हवं होतं, कारण माझी आई गेली तेव्हा मीही त्याच इमारतीत अशीच येऊन बसत होते.

धागा त्यासाठी काढते आहे. गोव्यात शिकणाऱ्या, शिकून गेलेल्या सगळ्यांनी लिहावं. एक विनंती : दुःख कसं आवरलं ते सांगू नका, दिवस कसा काढलात ते सांगा. किती वाजता उठत होता, कोणती बस होती, कुठला कागद अडला, कुणाचं कुठलं वागणं उपयोगी पडलं. ज्याच्यावर आज वेळ आली आहे त्याला तेच हवं असतं. नावं घालू नका, गाव आणि विषय पुरे.

माझ्यापासून सुरुवात करते.

फोंडा तालुका, इतिहास, पीएच.डी.

आई गेली तेव्हा माझं दुसरं वर्ष चालू होतं आणि सहामाही प्रगती अहवाल तीन आठवड्यांवर आला होता. घरात आता मी आणि बाबा. बाराव्यापर्यंत माणसांची ये-जा होती. तेराव्या दिवशी पहाटे मला जाग आली ती पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याने. तो रोज यायचा, रोज वाजवायचा, पण त्या आवाजाने मी कधी उठले नव्हते, कारण त्या वेळी आई फाटकात असायची. त्या दिवशी त्याने दोनदा वाजवलं, मग थांबून तिसऱ्यांदा. मी गेले. त्याने काही न विचारता टोपलीवरचं प्लॅस्टिक बाजूला सारलं आणि चार उंडे, दोन पोळ्या असे रोजचे पाव हातात दिले. आई रोज तेवढंच घ्यायची. बाबा सकाळी पेज घेतात, ते पावाला हात लावत नाहीत. पण ‘कमी दे’ म्हणायला माझं तोंड उघडेना. दीड महिना मी तेवढंच घेत राहिले आणि उरलेले पाव पिशवीत घालून विद्यापीठात नेत राहिले.

दिवस असा होता : साडेपाचला उठायचं, पेज चढवायची, पाणी भरायचं, बाबांच्या गोळ्या वाटीत काढून ठेवायच्या, साडेसातची पणजीची बस, तिथून ताळगाव पठारावर, विद्यापीठाकडे जाणारी दुसरी. संध्याकाळी परत येईपर्यंत दिवेलागण. वाचन जे काय व्हायचं ते बसमध्ये, तेही फोंड्याहून निघताना बसायला जागा मिळाली तर.

मी कोसळले ते घरात नाही, मोडी कागद वाचताना. जुन्या पत्रांचा मायना ठरलेला असतो, शेवटही ठरलेला : ‘बहुत काय लिहिणे’. शेकडो वेळा मी ते लिप्यंतर करून पुढे गेले होते. त्या दिवशी तिथे पेन्सिल थांबली ती थांबलीच. टेबलावर काम करणाऱ्या बाई उठल्या, माझ्यासमोरचा कागद हलकेच उचलून जुन्या कागदांच्या दप्तरात ठेवला, म्हणाल्या, ‘कागद भिजता कामा नये. तू चहा घेऊन ये, हा मी इथेच ठेवते.’ मला कुणी धीर दिला असता तर मी त्या दिवशी घरी निघून गेले असते. त्या कागदाची काळजी करत राहिल्या, म्हणून मी परत येऊन बसले.

सत्तरी, एम.ए. मराठी

ताई, धागा काढलात ते बरं केलंत. मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा फेब्रुवारीत गेले. आमच्याकडे मार्च-एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम, आणि एप्रिल संपता संपता सत्रान्त परीक्षा. दोन्ही एकाच वेळी. काजू वाट बघत नाही. पडलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तसाच राहिला तर आंबतो, गुरं खातात, माकडं नेतात. वर्षाचे पैसे त्या दोन महिन्यांत यायचे असतात. बाबा असताना मी सुट्टीच्या दिवशी मदतीला जायचो, तीही मदतच. आता ते काम माझं झालं. त्या वर्षी आम्ही फेणीची भट्टी लावली नाही, बोंडू शेजारच्यांना दिले. भाण आणि लावणी ही भट्टीची भांडी पडवीत पालथी घालून ठेवली होती. आईने त्यांवर गोणपाट घातलं, म्हणजे येता-जाता नजरेला पडू नयेत.

पाच वाजता विजेरी घेऊन मी आणि आई बागेत. टोकाला खिळा लावलेल्या काठीने बोंडू उचलायचा, पिळून बी काढायची, बी एका डब्यात, बोंडू दुसऱ्यात. आठ वाजता आंघोळ, मग वाळपईहून बस. कितीही साबण लावा, तो वास जात नाही. बोटं काळपट पडलेली आणि चिकामुळे कातडी सोललेली. पेन धरलं की झोंबायचं.

अभ्यासाला वेळ कुठला? मग मी एक केलं. रात्री जेवण झालं की भाषाविज्ञानाच्या टिपा फोनमध्ये माझ्याच आवाजात वाचून ठेवायच्या आणि पहाटे बागेत खिशातल्या फोनवर लावून द्यायच्या. आई चौथी शिकलेली. तिच्या कानावर रोज तेच. एके दिवशी म्हणाली, ‘स्वनिम म्हणल्यार किदें रे?’ मी म्हटलं, ‘काजू म्हण. आता बाजू म्हण. फक्त पहिला आवाज बदलला आणि अर्थ बदलला. तो आवाज म्हणजे स्वनिम.’ तिने थोडा वेळ विचार केला, बी पिळता पिळता म्हणाली, ‘राजू.’ राजू हे बाबांचं घरातलं नाव.

पुढे आम्ही त्या ओळीतलं झाड संपेपर्यंत बोललो नाही. परीक्षेत स्वनिमावर प्रश्न आला होता. मी काजू, बाजू आणि राजू अशी तीनही उदाहरणं लिहिली.

चोडण, एम.एस्सी.

माझं थोडक्यात. आजीने वाढवलं, आजी गेली. घरात आई-बाबा आधीच खचलेले, त्यांच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं. प्रयोगशाळेत रडता येत नाही. म्हणून फेरीबोटीत रडायची. चोडण ते रायबंदर फेरी काही मिनिटांची. गाडी स्टँडवर लावायची, हेल्मेट काढायचं नाही, काच खाली करून कठड्याशी उभं राहायचं. पलीकडे धक्का लागला की संपलं. जाताना एकदा, येताना एकदा. चार महिने. रोज भेटणारी माणसं माझ्या बाजूला उभी राहायची नाहीत, थोडी जागा सोडून राहायची. त्यांना कळत होतं हे मला नंतर समजलं.

केपे, एम.कॉम.

इथे सगळे मनाचं लिहितायत, मी कागदाचं लिहिते. माझ्या दोन सत्रांचा वेळ कागदांनी खाल्ला आणि तेव्हा कुणी नीट समजावून सांगणारं नव्हतं.

बाबा गेले. घर, थोडी बागायत, दोन बँकांतली खाती, सगळं त्यांच्या नावावर. मी थोरली शिकणारी, म्हणून सगळं माझ्याकडे आलं. पुण्याची मैत्रीण मला तिच्या काकांचे अनुभव सांगायची, त्यातलं इथे काहीच लागू पडेना. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे, तिचं मूळ १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. म्हणजे अर्धं आधीपासूनच आईचं होतं, ते तिला बाबांकडून वारशाने आलेलं नव्हे. उरलेल्या अर्ध्यात आम्ही भावंडं सारखी वाटेकरी, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आई रात्री रात्री विचारत बसायची, ‘आता मला कोण ठेवणार?’ मी तिला म्हटलं, अर्धं घर तुझंच आहे, आजचं नाही, लग्नाच्या दिवसापासूनचं. ती गप्प झाली आणि उठून चुलीतली राख काढायला लागली. दोन आठवडे तिने स्वयंपाकघरात पाय ठेवला नव्हता.

आता कामाचं. पायऱ्या दोन आहेत, त्या एकमेकींत मिसळू नका. वारस कोण हे ठरवणारं सक्सेशन डीड सब-रजिस्ट्रारकडे, विशेष नोटरीपुढे होतं. बँक बहुतेक वेळा तेच मागते. वाटणी करायची असेल आणि घरात एकमत होत नसेल तर इन्व्हेंटरी, ती दिवाणी न्यायालयात, आणि तिला वेळ लागतो. दोन्ही गोष्टी २०१२च्या गोव्याच्या वारसा कायद्यात आहेत. बहिणीचं किंवा भावाचं लग्न झालेलं असेल तर पुढे जमीन विकताना त्यांच्या जोडीदाराचीही सही लागते, भावजींना आधीच कल्पना द्या.

मी अडकले ते नावात. बाबांचं नाव बँकेत एका तऱ्हेने, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर दुसऱ्या, आणि आजोबांची पोर्तुगीज काळातली जन्मनोंद, तिथे ‘श’साठी एक्स वापरून लिहिलेलं तिसरंच. तिन्ही एकाच घरातली माणसं हे पटवून देण्यासाठी प्रतिज्ञापत्रं. एका कार्यालयात मला चार वेळा परत पाठवलं, दर वेळी नवा कागद सांगून. पाचव्या वेळी मी वही काढून म्हटलं, ‘जे लागतं ते सगळं आज एकदम सांगा, मी लिहून घेते आणि खाली तुमची तारीख घालते.’ तेव्हा काम झालं.

शिकणाऱ्यांसाठी : मृत्यूदाखल्याच्या आठ-दहा प्रती एकाच वेळी काढा. फाइलच्या आतल्या बाजूला तासांचं वेळापत्रक चिकटवा आणि कार्यालयाच्या खेपा कमी महत्त्वाच्या तासांच्या दिवशीच धरा. मी हे उशिरा केलं. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तेव्हा जाग आली.

पेडणे, अर्थशास्त्र

मी प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा दिली १८ जून २०२४ला. बाबा तेव्हा अंथरुणावर होते. त्यांना सांगून गेलो, परत येऊन सांगितलं की पेपर चांगला गेला. ते हसले. दुसऱ्या दिवशी परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली. मी त्यांना ती सांगितली नाही. जुलैत ते गेले, माझा पेपर चांगला गेला असंच समजून. खोटं बोललो असं मला बरेच दिवस वाटत होतं. आता वाटत नाही.

फेरपरीक्षा ऑगस्टच्या शेवटाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला झाली, या वेळी कागदावर गोळे रंगवायचे नव्हते, संगणकावर होती. ७ सप्टेंबरला चवथ. सुतक फिटलं होतं, पण वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे मूर्ती आणायची नव्हती. दर वर्षी त्या दिवसांत मी आणि बाबा रानात जायचो, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला लागणारी फळं, पानं, वेली आणायला. कुठल्या कड्याखाली काय मिळतं ते त्यांना पाठ. त्या वर्षी रानात जायचं नव्हतं, म्हणजे अभ्यासाला दिवस मोकळे. असा मोकळा वेळ मला नको होता. पुस्तक उघडून बसायचो आणि शेजारच्या घरातून माटोळीची चौकट बांधल्याचा आवाज यायचा.

पास झालो. पण जेआरएफ मिळाली नाही, म्हणजे महिना ३७,००० रुपयांची ती शिष्यवृत्तीही नाही. बाबा सरकारी नोकरीत होते, अनुकंपा नोकरीचा अर्ज करता येत होता. घरात दोन बाजू पडल्या. काका म्हणाले, हातची नोकरी सोडतात का? आई म्हणाली, तुझ्या बाबांना तू शिकलेला हवा होतास. दोघांचंही बरोबर होतं. मी अर्ज केला आहे आणि पीएच.डी.ला नावही घातलं आहे. नोकरीचं पत्र येईल तेव्हा संशोधन अर्धवेळ करता येईल का, हे मार्गदर्शकांना मी आधीच विचारून ठेवलं आहे. यावर कुणाला अनुभव असेल तर लिहा, मला गरज आहे.

दुसऱ्या वर्षी मी एकटा रानात गेलो. माटोळीला निम्म्याहून कमी सामान मिळालं. बाकीचं म्हापशाच्या बाजारातून आणलं.

मडगाव, मानसशास्त्र

धाकटा भाऊ दुचाकीच्या अपघातात गेला. रस्ता तोच, ज्याने मी रोज बसने जाते. खिडकीची जागा सोडून दिली.

मला एकच सांगायचं आहे. दोन महिने मी एक पान वाचू शकत नव्हते. एकाच ओळीवर परत परत यायचं आणि रात्री दोनला जागच. स्वतः मानसशास्त्र शिकत असून मी कुणाशी बोलले नाही, कारण वाटायचं की मला हे माहीत असायला हवं. शेवटी एका रात्री १४४१६ला फोन केला. टेलि-मानस, सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीसुद्धा चालू असते. मराठीत बोलले. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, ‘आज दिवसभरात काय खाल्लंत?’ मला आठवेना. त्या म्हणाल्या, ‘फोन ठेवू नका, स्वयंपाकघरात काय आहे बघा.’ थंड भात आणि सोलकढी होती. त्यांच्याशी बोलत मी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. नंबर लिहून ठेवा, आपल्यासाठी नसला तरी वर्गातल्या कुणासाठी.

निवृत्त प्राध्यापिका, पणजी

मुलांनो, शिक्षकांच्या बाजूने लिहिते. तुम्ही सांगत नाही आणि आम्हाला कळत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा सलग तीन आठवडे आला नाही, मी त्याला सगळ्यांसमोर बोलले. आई गेल्याचं नंतर कळलं. त्याने माफ केलं, मी अजून स्वतःला केलेलं नाही. म्हणून सांगते : पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना चार ओळींचा अर्ज द्या, स्वतःला जमत नसेल तर मैत्रिणीकडून पाठवा. काय झालं, किती दिवस लागतील, कुठली अंतर्गत परीक्षा बुडते आहे. एवढंच. अर्ज टेबलावर असला की शिक्षकाला तुमच्यासाठी काहीतरी करता येतं, आणि बहुतेकांना करायचं असतं.

दोडामार्ग, सध्या वसतिगृहात, रसायनशास्त्र

आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळातच येतात. आई तिथे एकवीस दिवस होती. मी वसतिगृहात, पठारावरून बांबोळी अगदी जवळ. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी तिच्याकडे डबा, परत प्रयोगशाळा, रात्री वॉर्डाबाहेर. प्रकल्पाचे आलेख मी त्या मार्गिकेत काढले आहेत, लॅपटॉप मांडीवर आणि चार्जर शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकाचा. तोही सावंतवाडीकडचा. त्याने माझ्याकडून दोन वेळा चहाचे पैसे घेतले नाहीत. त्याचे वडील बरे होऊन घरी गेले, जाताना चार्जर माझ्याकडे ठेवून गेला.

आई गेल्यावर घरचं सगळं करून परत वसतिगृहात आलो. ती रोज रात्री साडेआठला फोन करायची. बाबांनी आयुष्यात मला कधी फोन केलेला नव्हता, आई बोलायची आणि ते मागून काहीतरी सांगायचे. पहिल्या रात्री साडेआठला फोन वाजला, आईचाच नंबर. मी उचललाच नाही, हात चालेना. परत वाजला. बाबा होते. म्हणाले, ‘जेवलास?’ मी म्हटलं, हो. ‘ठेवतो.’ एवढंच. तेव्हापासून रोज साडेआठला तेच दोन शब्द. मला प्रश्न पडतो की आपण आणखी काही बोलायला हवं का. गेल्या आठवड्यात मी विचारलं, ‘तुम्ही काय जेवलात?’ बराच वेळ शांतता. मग म्हणाले, ‘कुळथाची पिठी केली. गुठळ्या झाल्या.’ मी त्यांना सांगितलं, पीठ आधी थंड पाण्यात कालवून घ्या. कसं कालवायचं, किती पाणी, सगळं विचारून घेतलं त्यांनी. सहा मिनिटं बोललो.

फोंडा, परत मी

सगळ्यांचं वाचलं. सत्तरीच्या दादाचं तर मी बाबांना वाचून दाखवलं.

पेडण्याच्या मित्रा, माझ्या ओळखीत नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करणारे दोघं आहेत, कळवते. केप्याच्या ताईने लिहिलेलं वेगळं काढून विभागाच्या फलकावर लावू का? परवानगी द्या.

ती शेवटच्या बाकावरची मुलगी. परवा मधल्या सुट्टीत मी तिच्या शेजारी जाऊन बसले. बोलायचं काय ते सुचेना, म्हणून विचारलं, ‘डब्यात काय आहे?’ तिने डबा पुढे केला. भाजी करपलेली होती. ‘आता मी करते सकाळची,’ म्हणाली. आम्ही ती खाल्ली.

चोडणच्या मैत्रिणीने मला वेगळं विचारलं होतं, पोदेर अजून थांबतो का म्हणून. थांबतो. आता फाटकात बाबा जातात. दोन उंडे घेतात, माझे.